इंजिन उघडण्याआधी : छोट्या ट्रॅक्टरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पत्रे १८ ते ३० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांबद्दल आहेत. बऱ्याच पत्रांत संशय इंजिनावर घेतला आहे, पण खोट इंजिनाच्या बाहेर असण्याचीच शक्यता जास्त दिसते. म्हणून उत्तरांत तपासणीचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे: आधी हाताने आणि डोळ्यांनी कळेल ते, मग पाना लावून कळेल ते, आणि इंजिन अगदी शेवटी.

प्रश्न : गवत कापताना किंवा रोटाव्हेटर चालवताना अर्ध्या तासात तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जातो. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे आहे, गळती कुठेच नाही. मेकॅनिक म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले. इंजिन उघडायचे का?

एवढ्यावर उघडू नका. हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. गार इंजिन रेडिएटरचे झाकण काढून सुरू केले तर पाण्यात बुडबुडे येतच राहतात. बाहेर थेंब न गळता पाणी रोज कमी होते. इंजिन पुरते गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसते. यातले काहीच नसेल तर आधी बाहेर शोधा.

गवताच्या आणि धुळीच्या कामातच ट्रॅक्टर तापतो, याचा पहिला अर्थ असा की रेडिएटरमधून वारा जात नाही. समोरची जाळी बहुतेक जण साफ करतात. पण बारीक भुसा जाळीतून आत जाऊन रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये बसतो, आणि तो समोरून दिसत नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर जाळी काढा, मागे दिवा धरा आणि समोरून बघा. जिथून उजेड येत नाही तिथून वाराही जात नाही. सफाई नेहमी पंख्याच्या बाजूने बाहेर, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने करायची. साध्या नळाचे पाणी किंवा कमी दाबाची हवा पुरते. धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा मारला की नाजूक पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. रेडिएटरपुढे ऑइल कूलर असेल तर दोघांच्या मधली फट जरूर बघा, कचरा तिथेच दाबून बसतो.

दुसरी तपासणी फॅन बेल्टची. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. त्याहून जास्त गेला तर तो भाराखाली घसरतो, आणि पंखा व पाण्याचा पंप दोन्ही हळू फिरतात. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर नुसता ताणून उपयोग नाही, बदला.

तिसरे, रेडिएटरचे झाकण. ते केवळ झाकण नाही, दाब धरणारा व्हॉल्व्ह आहे. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो, साधारण ०.९ बारच्या झाकणामुळे समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी जवळपास ११८ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा चिरले की हा सगळा फायदा जातो.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लोंबकळत ठेवा, थर्मामीटर बुडवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. उघडला नाही तर नवीन बसवा. थर्मोस्टॅट काढून टाकून तसेच चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो कृपया ऐकू नका. इंजिन कायम गार राहिले की डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुते, आणि रिंगा-लायनर लवकर झिजतात.

एवढे करूनही तापत असेल तर तुमचा गिअर तपासा. वरच्या गिअरमध्ये, कमी ॲक्सिलरेटरवर, इंजिन घरघरत ओढत असेल तर भार जास्त आणि पंखा हळू अशी दुहेरी अडचण होते. पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागून अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे) काम मिनिटाला ५४० फेऱ्यांना लागणाऱ्या इंजिन गतीवरच करा आणि वेग गिअर उतरवून कमी करा.

काटा लाल झाला तर पीटीओ बंद करा, भार काढा आणि पाणी शाबूत असेल तर इंजिन पाचेक मिनिटे हळू चालू ठेवा. एकदम बंद केले तर पाणी फिरायचे थांबते आणि हेडमधली उष्णता तिथेच अडकते. पाणी उडून गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद. गरम झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

प्रश्न : टाकी रिकामी होऊन ट्रॅक्टर बंद पडला. आता डिझेल भरले, स्टार्टर फिरतो, पण इंजिन लागत नाही.

पाइपात हवा शिरली आहे. ती टाकीकडून इंजेक्टरकडे, क्रमानेच काढायची. टाकी निदान अर्धी भरा आणि कॉक उघडा. फिल्टरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा आणि हातपंपाचा दांडा चालवा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड धार येत असतानाच स्क्रू आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला करा. शेवटी इंजेक्टरवरचे पाइपाचे नट अर्धा-एक फेरा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळतो. नटाजवळ डिझेल दिसले की एकेक नट आवळा. इलेक्ट्रिक फ्युएल पंप असलेल्या बऱ्याच मॉडेलमध्ये किल्ली चालू करून २०-३० सेकंद थांबले की हवा आपोआप निघते. आधी पुस्तिका बघा. कॉमन रेल इंजिनाचे (एकाच सामाईक नळीतून खूप जास्त दाबाने सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) हाय प्रेशर नट मात्र सैल करू नका.

इंजेक्टरच्या नटाजवळ बोट नेऊन गळती चाचपू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीखाली घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतले मांस सडते. असे झालेच तर दुखत नसले तरी तडक दवाखाना गाठा.

चार दिवसांनी पुन्हा हवा धरली तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल खेचणाऱ्या पंपाच्या) मधल्या पाइपात शोधा. तिथे पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे चीर असली तरी इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा दिसला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. जुने रबर, क्लिपा, फिल्टरच्या वाटीची ओ-रिंग आणि चेपलेले तांब्याचे वॉशर बदलून टाका. फीड पंपाआधी तात्पुरता पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे कुठून येतात ते दिसते.

प्रश्न : एअर फिल्टर रोज काढून झटकतो, तरी काळा धूर आणि ओढ कमी. का?

रोज झटकणेच बंद करा. कोरडा कागदी फिल्टर टायरवर आपटला की त्याच्या घड्या आणि कडेचे रबर वाकडे होते आणि धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. फिल्टर भरल्याची खूण लाल होईल किंवा पुस्तिकेतले तास भरतील तेव्हाच बाहेरचा फिल्टर काढा, आतून बाहेर २ बारपेक्षा कमी दाबाची हवा मारा, आत दिवा धरून भोक आहे का बघा. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नाही, थेट बदलायचा. डब्याखालची रबरी चोच मात्र रोज दाबून धूळ पाडा. ऑइल बाथ प्रकार (हवा ऑइलमधून गाळणारा) असेल तर वाटीतले ऑइल खुणेइतकेच हवे. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते.

फिल्टर नीट असूनही काळा धूर राहिला तर भार आणि गिअर बघा. त्यानंतर इंजेक्टर तपासून घ्या.

प्रश्न : रोटाव्हेटर उचलला की पीटीओ शाफ्ट खडखडतो. नवीन शाफ्ट कापून बसवायचा आहे, किती कापावा?

खडखडाट कोनाचा आहे. क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्यातल्या अधिकच्या खुणेसारख्या तुकड्याचा) कोन २५-३० अंशांच्या पुढे गेला की शाफ्ट झटके देत फिरतो आणि क्रॉस तुटतो. वळताना पीटीओ बंद करून मगच उचला, किंवा लिफ्टच्या दांड्याचा स्टॉपर लावून उंची मर्यादित ठेवा; पाती जमिनीपासून सुटली की पुरे. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन बोटांचे तुकडे) एका रेषेत आहेत का तेही बघा. शाफ्ट काढून पुन्हा जोडताना ते एका खाच्याने सरकले तर कमी कोनातही कंप येतो.

कापण्यासाठी इंजिन बंद ठेवून अवजार अशा उंचीवर आणा की ट्रॅक्टरचे आणि अवजाराचे टोक एकमेकांच्या सर्वांत जवळ येतील. बहुधा दोन्ही समोरासमोर आल्यावर असे होते. तिथे अवजाराखाली भक्कम ठोकळे लावा. शाफ्टचे दोन भाग सुटे करून एकेक टोकाला बसवा, शेजारी-शेजारी धरा आणि खूण करा. प्रत्येक भाग समोरच्या योकच्या बुडापासून निदान २५ मिलिमीटर आखूड राहिला पाहिजे. शाफ्ट लांब राहिला तर उचलताना तो गिअरबॉक्समध्ये ठोसा मारतो आणि बेअरिंग, सील, प्रसंगी पूर्ण केसिंग जाते. मग अवजार सर्वांत खाली आणि सर्वांत वर नेऊन बघा: कामाच्या स्थितीत दोन्ही भाग एकमेकांत निदान एक तृतीयांश लांबी असावेत. आतला आणि बाहेरचा पाइप, आणि दोन्हींवरचे प्लॅस्टिक गार्ड, चारही सारखेच कापा. कडांचे बोचरे कानस मारून काढा आणि ग्रीस लावा. गार्ड काढून टाकू नका; ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ, कपड्याचे टोक गुंडाळले गेले तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

क्रॉसला दर ८ तासांनी ग्रीस. आणि रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेले गवत, सुतळी रोज संध्याकाळी इंजिन बंद करून कापून काढा. तीच गुंडाळी सील कापते आणि चेनकेसचे (रोटाव्हेटरच्या बाजूच्या साखळीच्या डब्याचे) ऑइल संपवते.

प्रश्न : मागे जड अवजार किंवा ओंडका ओढताना पुढची चाके उचलल्यासारखी वाटतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरले तर चालेल?

याने ही अडचण सुटणार नाही. मागच्या एक्सलमागे लटकलेले वजन त्या एक्सलवर तरफेसारखे काम करते आणि पुढचे वजन कमी करते. टायरमधले पाणी एक्सलच्या बरोबर खाली असते, म्हणून पकड वाढते, पण पुढचा भाग खाली बसत नाही. पुढे वजनाच्या प्लेटा लावा. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. पुढे लोडर असेल तर गणित उलट: तिथे वजन मागे लागते, आणि बकेट जमिनीलगत ठेवूनच चालायचे.

ओंडक्याची साखळी कुठे बांधता हे सर्वांत महत्त्वाचे. ती फक्त ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढण्याच्या पट्टीला). टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा एक्सलला बांधली आणि ओंडका अडकला तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच एक्सलभोवती वर फिरतो आणि दीड सेकंदात उलटा पडू शकतो. क्लच दाबायला एवढा वेळ पुरत नाही. चालकामागची संरक्षक कमान उभी असेल तर सीटचा पट्टा बांधाच. कमान दुमडलेली किंवा काढलेली असेल तर पट्टा बांधू नका. खड्ड्यात किंवा चढावर अडकलात तर पुढे रेटू नका, रिव्हर्समध्ये हळू बाहेर या.

प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह कायम चालू ठेवावी का?

नाही. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील असे गिअर असतात. मातीत हा फरक घसरणीत जिरतो. पक्क्या रस्त्यावर तो टायर झिजवतो आणि पुढच्या एक्सलच्या गिअरवर ताण देतो. अपवाद उताराचा: बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, म्हणून भुसभुशीत उतारावर भार घेऊन उतरताना फोर व्हील चालू ठेवा, म्हणजे पुढची चाकेही वेग धरून ठेवतात. टायर बदलताना कंपनीने दिलेल्याच मापांची जोडी घ्या.

प्रश्न : वर्षात जेमतेम ६० तास चालतो. ऑइल २०० तासांनीच बदलू का?

तास किंवा वर्ष, जे आधी भरेल ते. कमी चालणारा ट्रॅक्टर बहुतेक वेळा पुरता गरम होण्याआधीच बंद होतो. आत साचलेली वाफ आणि डिझेल ऑइलमध्येच राहते. नवीन ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बहुतेक मॉडेलमध्ये ५० तासांनीच बदलायचे असते. इंजिन गरम असताना ऑइल सोडा, नव्या फिल्टरच्या रबराला ऑइल चोळा, रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळा, पाना लावू नका. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा, दहा मिनिटांनी सपाट जागेवर पातळी बघा.

प्रश्न : हायड्रोलिकचे ऑइल दुधाळ झाले आहे. लिफ्ट चालते. ऑइल बदलायला थांबू का?

थांबू नका. ऑइलमध्ये पाणी आहे. ते गिअरच्या दांड्याच्या फाटलेल्या रबरातून, ब्रीदरमधून (आतली हवा सोडणाऱ्या छोट्या भोकातून) किंवा डिपस्टिकच्या सैल बुचातून शिरते. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत हेच ऑइल गिअर आणि ऑइलमधल्या ब्रेकनाही वंगण देते, त्यामुळे नुकसान लिफ्टपुरते राहत नाही. रात्रभर उभा ठेवून सकाळी बूच अगदी थोडे सैल करा. तळाला बसलेले पाणी आधी येईल. मग सगळे ऑइल सोडा, फिल्टर बदला, सक्शनची जाळी डिझेलने धुऊन वाळवा. पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल भरा. साधे हायड्रोलिक ऑइल घातले तर ओले ब्रेक किंचाळतात. रबर बदलल्याशिवाय नवीन ऑइल भरू नका. पाच-सहा तास चालवल्यावर पुन्हा दुधाळ दिसले तर आत अजून पाणी राहिले आहे, आणखी एकदा बदलावे लागेल.