आधी वजन उतरव

अरे लेका,

तुझा बो, म्हणजे धनुष्य, खेचतानाचा व्हिडिओ बघितला. चार वेळा बघितला, शेवटी काकूनं विचारलं कुठली मॅच चालू आहे का. खाली तू लिहिलंयस 'काका ६० पाउंड, अजिबात दुखलं नाही' आणि तो दंड फुगवलेला इमोजी. मी तुझा बो बघतच नव्हतो, बाणाचं टोक बघत होतो. टार्गेट अंगणात कमरेएवढ्या उंचीला, आणि बाण निघाला शेजाऱ्याच्या गॅरेजच्या छपराकडे. कोपर कानाच्या वर, कंबर पुढं, हनुवटी आभाळात, मग एक हिसका, आणि मग बो गुपचूप खाली टार्गेटवर. याला खेचणं म्हणत नाहीत रे, हे ज्वारीचं पोतं पाठीवर मारणं झालं.

आणि त्याच रात्री दीड वाजता तीन मेसेज. क्रॉसबो, तो बंदुकीसारखा धरून चाप ओढायचा बो, घेऊ का. यंदाचा हरणांच्या शिकारीचा सीझन सोडून देऊ का. की ६० वर राहून सप्टेंबरपर्यंत ६५ करू. आणि चौथा, 'सॉरी काका, जास्त विचार करतोय'. जास्त नाही करत आहेस, चुकीच्या गोष्टीचा करतोयस. तिन्ही प्रश्नांच्या आधी एक काम आहे आणि ते तू टाळतोयस. वजन उतरव. तुझं नाही, बो खेचायला लागतं ते वजन उतरव.

'तू जिद्दी आहेस, करशील' वगैरे मी लिहिणार नाही. जिद्दी आहेस म्हणूनच खांदा फाटला. गेल्या डिसेंबरात, उणे दहात, तीन तास झाडावरच्या स्टँडवर गारठून बसल्यावर ७० पाउंड आभाळाकडे करून खेचलेस, तेव्हाच तो टेंडन, स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, गेला.

दुखत नाही म्हणजे जुळलं, हे आधी डोक्यातून काढ. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन, आता ऑगस्ट, म्हणजे साडेपाच महिने. सहा आठवडे झोळीत हात, मग नुसता हात उचलणं, मग तीन महिन्यांनी रबरी पट्टा, हे सगळं तू शहाण्यासारखं केलंस, मी बघितलंय. पण तो सुप्रास्पायनेटस म्हणजे खांद्याच्या हाडाखालून जाणारा एक बारका पट्टा, त्याला रक्तपुरवठा मुळातच कमी, आणि तो हाडाला टाके घालून बांधलाय. तिथं जे नवीन भरून येतं ते आधी कसंही, गुंतवळासारखं येतं, आणि मग महिनोन्‌महिने थोडा थोडा ताण पडेल तसं सरळ होत जातं. वर्षभर चालतं ते काम. दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. आमचे अण्णा सांगलीत घराचा स्लॅब पडल्यावर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, मी दुसऱ्या दिवशी वर जाऊन नाचलो तर कानाखाली आवाज काढला होता. वरून चालता येतं म्हणून खालचं सेंटरिंग काढतात का कोणी?

आणि तो ८० टक्के लेट-ऑफचा, म्हणजे दोरी पूर्ण मागं आल्यावर वजन हलकं होतं त्याचा, हिशोब मला सांगू नकोस. तू म्हणतोस फुल ड्रॉला हातात १२ पाउंडच राहतात. राहतात ना. पण त्या १२ पर्यंत पोचायला आख्खे ६० ओलांडावे लागतात, घाटातून गाडी काढल्यासारखे, आणि टाका त्या घाटातच तुटतो. त्यातून तू कोपर वर नेऊन खेचतोस तेव्हा तो टेंडन नेमका हाडाखाली चिमटला जातो. म्हणजे सगळ्यात जास्त वजन आणि सगळ्यात वाईट कोन, दोन्ही एकाच क्षणाला. म्हणून म्हणतो वजन उतरव.

परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, बो टार्गेटवर सरळ धर आणि न हलवता हळू मागं आण. टोक वर गेलं तर तो बो तुझा नाही. २५ वर्षांचा असलास काय आणि जिमला जात असलास काय, तुझा नाही. आणि खेचून झाल्यावर बाण न सोडता तसाच हळू परत पुढं सोडता आला पाहिजे. हे कोणी करूनच बघत नाही. परत सोडताना बो खस्सकन पुढं ओढतो, दुखावलेल्या खांद्याला तेच सगळ्यात अवघड जातं.

हे मला कसं माहीत ते सांगतो. तुला अर्धंच माहितेय.

२०११ ला माझा हाच खांदा, हेच ऑपरेशन, एप्रिलमध्ये. तेव्हा इथं विस्कॉन्सिनमध्ये शिकारीला क्रॉसबो सगळ्यांना नव्हता, तो २०१४ पासून. त्याआधी ६५ च्या वरच्यांना, किंवा डॉक्टरचा दाखला लावून परमिट. माझा डॉक्टर दाखला द्यायला तयार होता, फॉर्म भरून टेबलावर ठेवला होता बिचाऱ्यानं. मी म्हटलं अपंगाचं परमिट मी घेणार नाही. काय तोऱ्यात म्हटलं होतं. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, आणि अपंग हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला त्याची जास्त.

तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा, रट, म्हणजे हरणांचा माजाचा काळ, जोरात, घड्याळं नुकतीच मागे केलेली त्यामुळे साडेचारलाच अंधारायला लागलं होतं. बो ६२ पाउंडला. अंगणात खेचत होतोच की, तुझ्यासारखाच, आभाळाकडे करून. मोठी हरणी ओकच्या झाडांमधून आली, २२ यार्ड, आडवी, डोकं खाली. मी बो वर केला, आणि ती थबकली. हललं ना काहीतरी वर. खेचला मी, पोचलो अँकरला, दोरी गालाशी टेकते तिथं, आणि ती एक पाऊल पुढं टाकून फांदीमागं उभी राहिली. थांबायचं होतं. दहा सेकंद, जास्तीत जास्त पंधरा. खांदा थरथरायला लागला, सहाव्या-सातव्या सेकंदाला नेम धरायची पिन दिसेनाशी झाली, परत सोडायला ताकद नव्हती, आणि तेवढ्यात ती निघाली. मी बाण मारला नाही रे. तो सुटला.

पळाली नाही ती. पाठीची कमान करून, पोट आत ओढून, हळूहळू चालत गेली. बघितलं की कळतं. बाण खाली गवतात सापडला, हिरवट-तपकिरी, आणि तो वास. पोटात लागला होता. अशा वेळी लगेच मागं जायचं नसतं, उठवलं तर कोसभर जाते, म्हणून घरी आलो आणि रात्रभर जागा राहिलो. दोन वाजता पाऊस लागला. सकाळी रक्ताचा एक ठिपका नाही. दोन दिवस शोधलं, दलदलीत गुडघाभर जाऊन, शेजारच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या मक्यात. नाही सापडली.

त्या शनिवारी मंडळाची दिवाळी होती. सगळ्यांनी विचारलं, काय, तांबडा रस्सा कधी? मी म्हटलं, चुकला यार बाण, वरून गेला. हसले सगळे, मी पण हसलो. चौदा वर्षं हेच सांगत आलोय, काकूलासुद्धा. तुला पहिल्यांदा लिहितोय.

आता मनात लगेच येतं की २२ यार्ड म्हणजे काही लांब नव्हतं, उजेड पुरेसा होता, सात महिने झाले होते ऑपरेशनला, डॉक्टरनं 'हळूहळू सुरू करा' म्हटलं होतं, ती पाऊल टाकेल हे मला कसं कळणार. हे सगळं खरं आहे. शिवाय तेव्हा आमच्या वेळी कोण होतं सांगायला, आर्चरीच्या दुकानातला माणूस ७० च्या खाली बो दाखवायला लाजायचा. आणि मी तर सांगली सोडून आलेला, भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच, घरात कोणी धनुष्य हातात धरलेलं नाही, सगळं चाळिशीत एकट्यानं शिकलो. बरोबरच्या गोऱ्या पोरांसमोर ४५ पाउंड कसं सांगणार. हे पण खरं आहे. पण वजन कमी करायला बोचा बोल्ट चार फेरे फिरवायला मला कोणी अडवलं नव्हतं. एवढंच.

म्हणून तुला म्हणतो, वजन उतरव. खांद्यासाठी तर आहेच, पण खांदा तुझा आहे, फाड परत हवा तर, इन्शुरन्स आहे तुला. तिचं काय?

तुला वाटतं कमी वजनानं हरीण पडत नाही. कोणी सांगितलं? इथला कायदा ३० पाउंड म्हणतो, मी ३० ला जा म्हणत नाही, पण ४० ते ४५ पाउंड, जड बाण, पुढं फिक्स्ड दोन पात्यांचं ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं टोक, दाढी होईल इतकी धार, आणि १८ यार्डच्या आत आडवं जनावर, तर फुफ्फुसातून आरपार जातो. ती उघडणारी मेकॅनिकल ब्रॉडहेडं ठेव घरी, त्यांना उघडायलाच ताकद लागते, तेवढी तुझ्या बाणात उरायची नाही. आणि १८ म्हणजे १८. एकोणिसाव्या यार्डाला बक, मोठा नर, उभा राहिला तर फोटो काढ आणि बस.

तुझ्या बोचं लेबल ७० चं आहे, म्हणजे बोल्ट ढिले करून तो साधारण ६० पर्यंतच येतो, त्याखाली फिरवायचा नाही, लिंब, म्हणजे बोचा वाकणारा हात, निसटून तोंडावर येईल. त्यामुळे तुझा बो यंदा भिंतीला टांग. काकूचा जुना आहे, ४० ला लावलेला, ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागं येते ते, तुझ्या मापाची करून घेऊ. रंग थोडा जांभळा आहे. हरणांना त्याचं काही नसतं.

क्रॉसबोबद्दल. घे. खरंच घे, मी नाही म्हणत नाहीये. मी स्वतः घेणार नाही तो माझा हट्ट आहे, त्याला काही तत्त्वबित्त्व म्हणू नकोस, मी म्हणत होतो ते चुकलं. फक्त एक लक्षात ठेव की क्रॉसबो चढवायला पण १५० च्या वर पाउंड ओढावे लागतात, दोरीनं केलं तर निम्मे होतात तरी दोन्ही खांद्यांवर येतातच, म्हणजे तुझ्यासाठी फक्त हँडल फिरवायचा क्रँकवाला. तो सोडून दुसरा घेतलास तर परत तेच, वजन उतरवलं नाहीसच तू, फक्त हत्यार बदललंस.

तुझ्या आईनं त्या हात नसलेल्या तिरंदाज शीतल देवीचा व्हिडिओ पाठवला आणि तू जास्तच खचलास म्हणे. अरे, ती पोरगी बो उजव्या पायानं धरते आणि दोरी खांद्याला लावलेल्या रिलीजनं, म्हणजे दोरी पकडून सोडायच्या चापानं, ओढते, पॅरिसला २०२४ मध्ये मिक्स्ड टीमचं ब्राँझ घेऊन आली. त्यात रडण्यासारखं काय आहे? मी ते बघतो तेव्हा मला दिसतं की बो तिच्या अंगाला बसवलाय, तिनं अंग बोला बसवलेलं नाही. तू उलटं करतोयस.

तर काय करायचं. आधी फिजिओला सांग की बो हातात घेतोय, लपवू नकोस, तो व्हिडिओ पण दाखव, शिव्या खा. ती हो म्हणाली तर ४० पाउंडवर दिवसाला पाच-सहा बाण, दहा यार्डवरून, एक दिवसाआड. खेचताना हातानं ओढू नकोस, पाठीची दोन पाती जवळ आण, कोपर आपोआप येतं मागं. थरथर सुरू व्हायच्या आधीचा बाण शेवटचा. आणि खरा निकाल संध्याकाळी नसतो, रात्री त्या कुशीवर वळल्यावर असतो. ठणकून जाग आली तर दोन दिवस बंद आणि तिला फोन. दुखणं दाबायला इंजेक्शन मारून घेण्याचा शॉर्टकट मनात असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नाही, स्टेरॉइड वरचेवर घेतलं तर टेंडन आणखी कमजोर होतो. हो, आणि कधी इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं तर टेंडनचं ऑपरेशन झालंय हे आधी सांग. सिप्रोच्या जातीच्या गोळ्यांवर २००८ पासून टेंडन तुटण्याची ठळक वॉर्निंग आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरचा ओपनर गेला तर जाऊ दे. तेव्हा नुसते डास असतात. सीझन जानेवारीपर्यंत आहे. खुर्चीवरची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी जॅकेट, हातमोजे, हार्नेस सगळं घालून परत द्यायची, टीशर्टमध्ये पास झालास ते धरणार नाही मी. तिथं नापास झालास तर यंदा माझ्याबरोबर नुसता बस, दुर्बीण घेऊन. बोलू नकोस फक्त, गेल्या वर्षी फार बोललास.

रविवारी सकाळी नऊला ये. खुर्ची आहे माझ्याकडे, अॅलन की पण आहे, तू फक्त तुझा रिलीज आण. गॅरेजमध्ये फ्रीजच्या वर तो २०११ चा बाण ठेवलाय, पुसलेला नाही, बघायचा असेल तर बघ. काकू थालीपीठ लावणारे. गाडी रस्त्यावरच लाव, ड्राइव्हवेवर परवाच डांबर मारलंय.

— काका

ता. क. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू नकोस. तिथल्या दोघांचे खांदे अजून धड आहेत.