लिनक्सवर डायल-अप मोडेम चालतच नाही, ड्रायव्हर कुठून आणू?

तुम्ही लिहिलंय की जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन टाकल्यापासून आतला पीसीआय मोडेम सापडत नाही, विंडोजमध्ये तोच मोडेम नीट चालायचा, आणि आता लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर हवा आहे. ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी ते कार्ड कोणत्या जातीचं आहे ते बघा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं, आणि लोकांचा सर्वात जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

खऱ्या हार्डवेअर मोडेममध्ये स्वतःचा कंट्रोलर असतो आणि सिग्नलचं गणित करणारी स्वतःची चिप असते. कॉम्प्युटर त्याला सिरियल पोर्टवरून साधी अक्षरं पाठवतो, हा नंबर फिरव, फोन ठेव, एवढंच. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम मोडेम स्वतः करतो. अशा मोडेमला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दृष्टीने तो नुसता एक सिरियल पोर्ट असतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात किंमत खाली आणण्यासाठी उत्पादकांनी या चिप काढून टाकल्या आणि ते काम विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलं. हेच ते विनमोडेम किंवा सॉफ्टमोडेम. विंडोजमध्ये ते चालायचे, कारण अर्धा मोडेम विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच होता. लिनक्समध्ये तो अर्धा भाग नाही, म्हणून कार्ड मुकं राहतं.

ओळखायचं कसं? टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड द्या. (इथे कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.) यादीत तुमच्या कार्डापुढे "सिरियल कंट्रोलर" असं लिहिलेलं असेल तर आशा ठेवा. "कम्युनिकेशन कंट्रोलर" दिसलं, किंवा इंटेलच्या चिपसेटमधला "एसी ९७ मोडेम" दिसला, तर तो जवळजवळ नक्कीच सॉफ्टमोडेम आहे. खात्रीसाठी डीमेसेज या कमांडने कर्नलचे संदेश बघा. हार्डवेअर मोडेम असेल तर त्यात टीटीवायएस या नावाने सुरू होणारा पोर्ट आणि त्याच ओळीत १६५५०ए हे सिरियल चिपचं नाव दिसतं. फक्त मदरबोर्डच्या स्वतःच्या सिरियल पोर्टच्या ओळीही तशाच असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका.

सॉफ्टमोडेम निघाला तर? एकेकाळी त्यांच्यासाठीही लिनक्सचे ड्रायव्हर होते. ल्युसंटच्या चिपसाठी एलटीमोडेम, स्मार्टलिंकसाठी एसएलमोडेमडी, कोनेक्संटसाठी लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर. कोनेक्संटवाल्याची मोफत आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडकवलेली होती, पूर्ण वेगासाठी पैसे मोजावे लागत. पण या सगळ्यांचा गाभा बंद स्वरूपात, म्हणजे सोर्सशिवाय दिलेला होता, आणि भोवतालचा थोडासा उघडा भाग त्या काळच्या २.४ आणि २.६ कर्नलसाठी लिहिलेला. कर्नलच्या आतल्या रचना त्यानंतर कितीतरी बदलल्या. उघडा भाग कोणीतरी दुरुस्त करू शकतं, बंद भाग कोणालाच करता येत नाही. आजच्या कर्नलवर हे ड्रायव्हर बसवण्यात आठवडे घालवू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन. कार्ड काढून ठेवा आणि बाहेरून जोडायचा, स्वतःचा वीजपुरवठा असलेला सिरियल मोडेम मिळवा. सिरियल पोर्टच नसेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर चालतो. यूएसबी मोडेम घेणार असाल तर तो एसीएम या प्रमाण पद्धतीने बोलणारा हवा. यूएसरोबोटिक्सचा ५६३७ तसा आहे. जोडल्यावर डीमेसेजमध्ये टीटीवायएसीएम० हे नाव आलं की समजा काम झालं.

आता पोर्टच्या नावांबद्दल. विंडोजचा कॉम१ म्हणजे इथे टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१, याप्रमाणे पुढे, मोजणी शून्यापासून. कन्व्हर्टर लावला तर टीटीवाययूएसबी०. ही सगळी नावं डेव्ह डिरेक्टरीत असतात. डेबियनमध्ये पोर्ट वापरण्याची परवानगी डायलआउट या ग्रुपला असते, तेव्हा तुमचा यूजर त्या ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही. मोडेममॅनेजर ही सेवा चालू असेल तर ती बंद करा. ती मोबाइल डोंगलसाठी असते, पण नवा पोर्ट दिसला की त्यावर स्वतःहून कमांड पाठवून चाचपणी करते, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही काही करत असाल तर दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. काही यूएसबी कन्व्हर्टर ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवाही स्वतःकडे ओढून घेते. पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा झाला तर तिच्याकडे बघा.

यापुढची माझी पद्धत अशी की तीन जोडण्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या: कॉम्प्युटर आणि मोडेम, मोडेम आणि टेलिफोन लाइन, आणि शेवटी पीपीपी, म्हणजे फोनच्या जोडणीवरून इंटरनेट चालवणारी पद्धत. एक पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. डायल करण्याचा एखादा ग्राफिकल प्रोग्राम उघडून सगळी माहिती भरली आणि तो "जमलं नाही" म्हणाला, तर तिन्हींपैकी बिघाड कुठे आहे हे त्यातून कधीच कळत नाही.

पहिल्या जोडणीसाठी मिनीकॉम वापरा, पोर्टवर थेट टाइप करून मोडेमशी बोलण्याचा तो प्रोग्राम आहे. पोर्ट निवडा, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू. हा वेग कॉम्प्युटर आणि मोडेममधला आहे, लाइनवरचा नाही. लाइनवर मोडेम पुढच्या मोडेमशी बोलून स्वतःचा वेग ठरवतो. आता एटी टाइप करून एंटर दाबा. या कमांडची भाषा हेज कंपनीने १९८१मध्ये आपल्या स्मार्टमोडेमसोबत आणली आणि जवळजवळ सगळ्या मोडेमनी ती उचलली. एटी ही दोन अक्षरं दोन्ही मोठी किंवा दोन्ही छोटी हवीत, एक मोठं एक छोटं चालत नाही. उत्तरात ओके आलं की पहिली जोडणी पक्की. काहीच आलं नाही तर पोर्ट चुकलाय, मोडेमला वीज नाही किंवा केबल चुकीची आहे. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याची नल-मोडेम केबल दिसायला तशीच असते पण तिच्या आतल्या तारा उलटसुलट असतात, ती इथे उपयोगाची नाही. ओके दिसतं पण तुम्ही टाइप केलेलं दिसत नाही, असं असेल तर एटीई१ द्या. मोडेममध्ये आधीच्या कोणाचं सेटिंग राहिलं असण्याची शंका असेल तर एटी, मग अँड हे चिन्ह आणि एफ दिलं की तो कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो.

दुसऱ्या जोडणीआधी एक साधी तपासणी करा, ती फार कमी लोक करतात. डायल-अपचा नंबर साध्या टेलिफोनवरून लावून कान देऊन ऐका. पलीकडे मोडेम असेल तर फोन उचलताच एक उंच, सलग शिट्टी ऐकू येते, २१०० हर्ट्‌झची. ती आली नाही तर तुमच्याकडे काहीही बिघडलेलं नाही, सेवाच उरलेली नाही. एओएलसारख्या मोठ्या कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी डायल-अप बंद केलं, त्यामुळे जुन्या कागदावर लिहिलेला नंबर चालू असेलच असं धरून चालू नका.

शिट्टी येत असेल तर मिनीकॉममध्ये एटीडीटी आणि त्याला लागून नंबर द्या. "नो डायलटोन" आलं तर आधी वायर मोडेमच्या "लाइन" लिहिलेल्या खाचेत आहे ना ते बघा, "फोन" लिहिलेली खाच टेलिफोन जोडण्यासाठी असते. वायर बरोबर असूनही तेच आलं तर एटीएक्स३ देऊन परत डायल करा. काही एक्सचेंजचा आणि व्हॉइसमेल असलेल्या लाइनचा डायलटोन मोडेमला ओळखता येत नाही. एक्स३ने तो डायलटोनची वाट बघणं सोडतो. बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी ९ फिरवावा लागत असेल तर ९नंतर स्वल्पविराम द्या, प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. आणि लाइन व्हीओआयपीवरची असेल, म्हणजे फोन इंटरनेटच्या राउटरमधून येत असेल, तर बराच वेळ किंचाळून शेवटी "नो कॅरियर" येणं अगदी नेहमीचं आहे. आवाजाचं कॉम्प्रेशन माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं, मोडेमचा सिग्नल त्यात टिकत नाही. मोडेमला कमी वेगावर बांधून ठेवलं तर कधीकधी जमतं.

"कनेक्ट" आलं की हात न लावता थोडं थांबा. स्क्रीनवर ~ आणि } ही चिन्हं पुन्हापुन्हा असलेला कचरा दिसू लागला तर आनंद माना: तो कचरा म्हणजे पलीकडचा पीपीपी बोलायला लागलाय. ~ हे फ्रेमच्या सीमेचं चिन्ह आणि } हे पुढचं अक्षर बदललेलं आहे हे सांगणारं. त्याऐवजी लॉगिन विचारलं गेलं तर पलीकडे आधी नाव आणि पासवर्ड अक्षरांत द्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. एवढं कळलं की मिनीकॉममधून बाहेर पडा, पण फोन ठेवून.

तिसऱ्या जोडणीसाठी तुमच्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये डब्ल्यूव्हीडायल हा डायल करून पीपीपी सुरू करणारा प्रोग्राम असेल तर ते सर्वात सोपं. त्याची सेटिंग बनवणारी कमांड मोडेम स्वतः शोधून फाइल लिहून देते. नंबर, नाव आणि पासवर्डच्या ओळी तुम्ही भरायच्या, आणि त्या ओळींच्या सुरुवातीचा अर्धविराम काढायचा, नाहीतर त्या वाचल्याच जात नाहीत. कनेक्ट झाल्यावर मघाचा कचरा लगेच दिसला होता तर त्याच फाइलमध्ये "स्टुपिड मोड" चालू करा. नाव विचित्र आहे, पण अर्थ एवढाच की लॉगिनची वाट न बघता सरळ पीपीपी सुरू कर.

माझा स्वतःचा कल मात्र पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्राम) आणि चॅट (मोडेमला डायल करायला लावणारा) या मूळ जोडीकडे आहे, कारण त्यात काहीच झाकलेलं राहत नाही. चॅटची स्क्रिप्ट म्हणजे "हे आलं की ते पाठव" अशा जोड्या: ओके आलं की डायल कर, कनेक्ट आलं की बाजूला हो. डेबियनमध्ये पीपीपीकॉन्फिग हा प्रोग्राम प्रश्न विचारून या फाइल बनवतो, मग पॉन या कमांडने जोडायचं, पॉफने तोडायचं आणि प्लॉगने नोंदी बघायच्या. हाताने लिहिणार असाल तर पीपीपीडीच्या ऑप्शनमध्ये नोऑथ, डिफॉल्टराउट, यूजपीअरडीएनएस, मोडेम, लॉक आणि सीआरटीएससीटीएस हे सहा हवेतच. नोऑथबद्दल गैरसमज फार आहे. त्याचा अर्थ तुम्ही पासवर्ड देणार नाही असा नाही, तर पलीकडच्याने आपली ओळख पटवावी अशी मागणी तुमचा कॉम्प्युटर करणार नाही असा आहे. सेवा देणारे ती मागणी कधीच पुरी करत नाहीत, आणि मग जुळलेली जोडणी लगेच तुटते. तुमचा पासवर्ड पॅप आणि चॅप या ओळख पटवण्याच्या दोन्ही पद्धतींच्या सीक्रेट्स फाइलमध्ये लिहा: नाव, चांदणी, पासवर्ड. पलीकडे दोन्हींपैकी कोणती पद्धत आहे याचा विचार मग करावा लागत नाही.

डीबग ऑप्शन सुरुवातीला चालूच ठेवा, कारण नोंदी वाचता आल्या की निदान आपोआप होतं. "सिरियल लाइन लूप्ड बॅक" असा संदेश आला तर पलीकडे पीपीपी सुरूच झालेलं नाही. तुम्ही पाठवलेलं जसंच्या तसं परत येतंय, म्हणजे बहुधा तिथे लॉगिनची वाट बघितली जातेय. एलसीपीच्या, म्हणजे पीपीपीतल्या पहिल्या वाटाघाटीच्या, विनंत्या नुसत्या जात राहिल्या आणि उत्तर आलं नाही तरी तिकडेच बघा. एलसीपी जुळून पॅप किंवा चॅपवर अडलं तर नाव-पासवर्ड चुकलाय, मोडेमचा काही दोष नाही.

पीपीपी० ला आयपी पत्ता मिळूनही साइट उघडत नसेल तर आधी राउट, म्हणजे माहिती कोणत्या जोडणीने बाहेर जाते ते, बघा. वायफाय किंवा इथरनेटचा डिफॉल्ट राउट आधीपासून असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, नोंदीत तसं लिहून गप्प राहतो. दुसरं कनेक्शन बंद करून परत जोडा. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातं आणि नावाला जात नाही, तर प्रश्न डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा.

वेगाची अपेक्षा आधीच नीट ठेवा. १९९८च्या व्ही.९० प्रमाणात ५६ केबीपीएस फक्त तुमच्याकडे येणाऱ्या दिशेने, आणि तेही पलीकडचं टोक थेट डिजिटल एक्सचेंजला जोडलेलं असेल तरच. जाणाऱ्या दिशेने ३३.६. प्रत्यक्षात सेकंदाला पाच किलोबाइट मिळाले तर लाइन चांगली म्हणायची, म्हणजे एका मेगाबाइटला तीन मिनिटांहून जास्त. मेल, कॉम्प्रेशन चालू केलेलं एसएसएच आणि लिंक्ससारखा अक्षरांचा ब्राउझर यांना हे पुरतं. पॅकेजचे अपडेट मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. पीपीपी, मिनीकॉम आणि पीपीपीकॉन्फिगची पॅकेजही तशीच आणावी लागतील, कारण त्यांच्याशिवाय इंटरनेट सुरूच होणार नाही.

आता आधी एलएसपीसीआयमधली मोडेमची ओळ कमेंटमध्ये टाका, कार्ड ठेवायचं की काढायचं ते मी लगेच सांगतो. पुढे पीपीपीवर अडलात तर नोंदी पूर्ण टाका. पीपीपीडी स्वतःच्या नोंदीत पासवर्ड लपवतो, पण चॅटच्या ओळींमध्ये तो उघडा दिसू शकतो, तेवढा पुसून मगच टाका.