वाचकांचे प्रश्न : खांद्यातलं हाड मोजायचं कशाने?

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वापरायचं मोजमापाचं उपकरण, असा प्रोजेक्ट आमच्या ग्रुपने घेतलाय. आमच्या डोक्यात डिजिटल डिस्प्लेवाला छोटा कॅलिपर आहे. सर म्हणतात सीटी स्कॅन आधीच होतो, मग हे कशाला? काय करावं?

उत्तर : विषय फार चांगला निवडलाय, सोडू नका. सरांची शंकाही रास्त आहे, हाड किती गेलंय हे बघायला थ्रीडी सीटी आजही सगळ्यात भरवशाचा. पण आत दुर्बीण घातल्यावर सर्जन ते पुन्हा स्वतः मोजून बघतो आणि तिथे त्याच्या हातात काय असतं तर खुणा केलेली, टोकाला हूक असलेली स्टीलची सळई, म्हणजे प्रोब.

आधी मोजतात काय ते बघा. कबड्डी खेळणाऱ्या पोरांचा खांदा लहान वयात एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळायची भीती असते, आणि तसं झालं की खांद्याचा गोळा ज्यात बसतो त्या खोबणीच्या पुढच्या कडेचं हाड थोडं थोडं तुटत, झिजत जातं. खोबणीचा खालचा भाग साधारण गोल असतो, त्याच्या मध्याजवळ कूर्चा पातळ असलेला एक ठिपका असतो, बेअर स्पॉट. तिथून मागच्या कडेपर्यंत 12 मिमी आणि पुढच्या कडेपर्यंत 8 मिमी भरलं, तर मूळ गोलाचा व्यास 12 ची दुप्पट म्हणजे 24, त्यातले 4 गेले, म्हणजे जवळपास 17 टक्के. आता पुढचं माप फक्त 1 मिमीने चुकवून बघा, उत्तर एकदम 12.5 नाहीतर 21 येतं. पूर्वीपासून 20 ते 25 टक्क्यांच्या पुढे नुसते टाके पुरत नाहीत असं मानतात, मग लाटार्जे ऑपरेशन, म्हणजे खांद्याच्याच पुढच्या बाजूच्या कोराकॉइड हाडाचा तुकडा पुढच्या कडेला स्क्रूने बसवायचा. अलीकडे तर 13.5 टक्क्यांपासूनच बरेच सर्जन सावध होतात. म्हणजे त्या एका मिलिमीटरवर पेशंटचं ऑपरेशनच बदलू शकतं, म्हणून मला हा प्रोजेक्ट महत्त्वाचा वाटतो.

हा मिलिमीटर चुकतो कुठे, तर पहिलं म्हणजे तिरकेपणा. प्रोब मागच्या छिद्रातून येतो, तो खोबणीवर सपाट न टेकता 30 अंश वर उचललेला राहिला तर 12 चे जवळपास 14 दिसतात. दुसरं, दुर्बिणीची भिंग वाइड अँगलची, जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे स्क्रीनवर अंदाज घेण्यात अर्थ नाही, माप वस्तूला टेकूनच घ्यायचं. तिसरं, शून्य कुठे? हुकाच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे उपकरणावरच स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि बेअर स्पॉट प्रत्येकाच्या बरोबर मध्यात नसतोच, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आत जाऊन उघडणारी आणि शाबूत मागच्या-खालच्या कडेला जुळवता येणारी गोल चकती करून बघितली असती.

डिस्प्ले मात्र काढून टाका. उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये 134 अंशाच्या वाफेतून पुन्हा पुन्हा जाणार, बॅटरी आणि स्क्रीन तिथे टिकवणं हाच एक वेगळा प्रोजेक्ट होईल. मॅट फिनिशचं स्टेनलेस, त्यावर लेझरच्या काळ्या खुणा, कारण चकचकीत स्टीलवर दुर्बिणीचा लाइट पडला की खुणा दिसतच नाहीत. 5 ते 8 मिमीच्या कॅन्युलातून, म्हणजे छिद्रात बसवलेल्या नळीतून, ते आत गेलं पाहिजे, आणि सरकणारा भाग ठेवलात तर तो सुटा करून ब्रशने धुता यायलाच हवा, फटीत रक्त अडकलं तर निर्जंतुक होत नाही.

आधी थ्रीडी प्रिंट करा, प्लास्टिकच्या हाडाची कड मोजून कापा, पाण्याच्या टबात ठेवून मोबाइलला जोडायच्या स्वस्त एंडोस्कोपने बघत वेगवेगळ्या लोकांकडून मोजून घ्या, खरं माप त्यांना सांगू नका. प्रत्येकाचा आकडा किती हलतो तो तक्ता हाच तुमचा रिझल्ट. पेशंटवर वापरायचं नाव एथिक्स कमिटीशिवाय काढू नका. आणि पुढे विकायचा विचार असेल तर मेडिकल डिव्हाइस रूल्स 2017 वाचा, क्लास ए म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या गटातल्या निर्जंतुक नसलेल्या साध्या उपकरणांना 2022 मध्ये लायसन्समधून सूट मिळाली, पण मोजणाऱ्या उपकरणांना ती नाही.