आराम करायचा, पण घराचा ताबा कुणाकडे?

‘‘मॅडम, आरामाला वेळच मिळत नाही, आणि मिळाला तरी आराम वाटत नाही.’’ माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या चाळिशीच्या आसपासच्या बायकांकडून मी हे सतत ऐकते. पुरुषही म्हणतात, पण बायका ते जरा खाली मान घालून म्हणतात, काहीतरी चुकल्यासारखं. मीनलताईंची हकीकत सांगते आहे ती या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीनलताई बँकेत अधिकारी. घर डहाणूकर कॉलनीत, शाखा हडपसरला, म्हणजे स्कूटरवरून रोज अख्खं पुणं ओलांडायचं. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. पोळ्यांना मावशी येतात, बाकीचं सगळं यांच्याकडे. सकाळी सव्वापाचला उठायचं आणि झोपायला रात्रीचे बारा. ‘‘रविवारी जेवण झाल्यावर चांगली तीन तास झोपते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण उठते तेव्हा डोकं जड, नुसती चिडचिड. रात्री मग डोळ्याला डोळा लागत नाही आणि सोमवारी पुन्हा तेच.’’

मी आधी त्यांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा घेऊन आलेल्या प्रत्येकीला पाठवते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर एवढं तपासून घ्यावंच, आणि घोरणं फार असेल तर तेही सांगावं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर कितीही वेळ झोपलं तरी शीण जात नाही. मीनलताईंचं हिमोग्लोबिन दहाच्याही खाली निघालं. बायकांमध्ये ते निदान बारा असायला हवं. पाळीच्या दिवसांत जास्त रक्त जात होतं आणि त्या ते वर्षभर अंगावर काढत होत्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कमी असताना मनाला दोष देत बसणं हा त्या बाईवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारच्या झोपेचं कोडं सोपं होतं. जागेपणी झोपेची भूक हळूहळू साठत जाते आणि रात्री तीच आपल्याला झोपवते. दुपारी तीन तास झोपलं की ती भूक तिथेच भागते, शिवाय गाढ झोपेतून मध्येच उठल्यामुळे डोकं जड होतं. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटांची, फार तर अर्ध्या तासाची असावी. त्यात त्यांचा रात्री नऊचा चहा. चहातल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. तो चहा त्यांनी संध्याकाळी पाचवर आणला.

रात्री अकरा ते बारा मात्र मोबाइल. ‘‘ते बंद करायला सांगणार ना तुम्ही?’’ त्यांनी विचारलं. मी नाही सांगितलं. सगळं घर झोपल्यावरचा तो एक तासच असा होता, ज्यात कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. तो तास काढून घेण्याआधी दिवसात दुसरा द्यायला हवा होता, नाहीतर चार दिवस पाळलं असतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा मोबाइल हातात आला असता.

मग ठरलं की संध्याकाळी घरी आल्यावर पाऊण तास खोलीत नुसतं पडायचं. पुढच्या भेटीला आल्या त्या डोळे पुसतच. पहिल्याच दिवशी पाठ टेकली तेवढ्यात मुलगा आला, ‘‘आई, चार्जर कुठंय?’’ मग नवरा, ‘‘डाळ किती घालू गं?’’ आणि शेवटी वॉकर टेकत सासूबाई दारात. ‘‘ताप आहे का?’’ सासूबाईंनी काळजीनेच विचारलं होतं. पण मीनलताई उठून बसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आपल्या कितीतरी घरांत बाईने दिवसाउजेडी आडवं व्हायला ताप असावा लागतो, हे मला त्या दिवशी पुन्हा टोचलं.

नितीनना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, बोलावून घेतलं. माणूस भला. ‘‘मी करतो की मॅडम, हिने सांगितलं की लगेच करतो.’’ अडचण नेमकी तिथेच होती. सांगायचं, आठवायचं, नीट झालं का बघायचं, हे सगळं मीनलताईंकडेच राहत होतं. त्या पलंगावर पडल्या तरी अर्धा कान दाराकडे. अशा पडण्याने अंगाला थोडा विसावा मिळेल, डोकं मात्र कामावरच असतं. आणि कामाचा नुसता वेळ मोजला तरी चित्र काही वेगळं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. लक्षात ठेवायचा भार तर त्या मिनिटांत धरताच येत नाही.

मी मीनलताईंना विचारलं, तुम्ही खरंच निर्धास्त कधी असता? त्या म्हणाल्या, ‘‘बँकेत रजेवर जाते तेव्हा.’’ तिजोरीच्या किल्ल्या तिथे दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात. त्यातला एक रजेवर निघाला की आपली किल्ली तिसऱ्या अधिकाऱ्याला द्यायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी सही करायची. ‘‘एकदा सही झाली की तिजोरीचा विचारही येत नाही मनात. घराची किल्ली मात्र मी कधी कुणाला दिलीच नाही.’’ नितीन हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मला दे. आणि मी काही विचारायला आलो तर उत्तर देऊ नकोस.’’

ठरलं ते असं. साडेसात ते सव्वाआठ घर नितीनच्या ताब्यात. त्या वेळात काय शिजवायचं, आईंच्या गोळ्या, क्लासवरून येणारा मुलगा, दारावरची बेल, सगळं त्यांचं. डाळ पातळ झाली तरी तीच खायची. सासूबाईंना मीनलताईंनी स्वतः सांगितलं, ‘‘आई, बरंच आहे मला. बरं राहावं म्हणूनच पडतेय.’’

आणि पडायचं कसं, तेही बघितलं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी याच शहरात अनेक वर्षं शिकवलेल्या पद्धतीत लोड, पट्टे, घोंगड्या यांचा आधार देऊन शरीर सैल सोडतात. मीनलताईंनी दिवाणावरचा लोड गुडघ्यांखाली घेतला, मानेखाली चादरीची घडी, डोळ्यांवर ओढणी. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जरा जास्त वेळ द्यायचा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, त्यामुळे हे अंगाला लवकर कळतं. मोबाइल बाहेरच्या खोलीत. झोप लागली नाही तरी चालेल. संध्याकाळी न लागलेलीच बरी.

पहिल्या आठवड्यात कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. आमच्याकडे तीनच लागतात, म्हणाल्या. हात उशीशी घट्ट धरून त्या पडून राहिल्या. भात गिचका झाला, सगळ्यांनी खाल्ला. शिट्ट्या मोजणं पुढे किती तरी दिवस सुटलं नाही, पण खांदे आधी सुटले. रात्रीचा मोबाइल मी न सांगता अकराच्या आत ठेवला जाऊ लागला आणि झोप सहा तासांवर आली. मोठ्या माणसाला निदान सात लागतात, म्हणजे अजून तासाभराची तूट आहे. सकाळचे डबे कुणी भरायचे यावर सध्या त्यांच्या घरी बोलणं चालू आहे.

सगळ्यांच्या घरी नितीन नसतो, हे मला माहीत आहे. एकटीने मूल वाढवणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईला मी दहाच मिनिटं सांगते, पण त्या दहा मिनिटांपुरतं तरी कुणीतरी जबाबदार हवं. शेजारीण, बहीण, मोठी मुलगी, कुणीही. आज तू माझ्या घराकडे लक्ष ठेव, उद्या मी तुझ्या घराकडे ठेवते. आणि दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, जगणंच नको असं मनात येत असेल, तर हा निव्वळ शीण समजू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता बँकेची मार्चअखेर आणि मुलाची बोर्डाची परीक्षा एकत्रच आली आहे. मीनलताईंना वाटलं होतं, महिनाभर हे सगळं बंद ठेवावं. शेवटी पाऊण तासाची वीस मिनिटं केली, वेळ रात्री साडेनऊची, ताबा नितीनकडेच. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, त्या दिवशी पूर्ण पाऊण तास. पुढची भेट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. हिमोग्लोबिनचा नवा रिपोर्ट घेऊन यायला सांगितलं आहे.