ताई, मी त्याला काय लिहू?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही युटामध्ये ओरेमला राहतो, बारा वर्षं झाली. शेजारचं कुटुंब लॅटर-डे सेंट्स चर्चचं आहे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते, त्यांचा धाकटा मुलगा आणि माझा मुलगा एकत्रच वाढले. शाळा सुटली की दोघं आमच्याकडे. तो चहा घेत नाही म्हणून मी त्याला वेलची घालून दूध द्यायचे, सोन्या म्हणून हाक मारायचे, आणि तो सरळ ओ द्यायचा. आता 18 चा झालाय, मिशनवर, म्हणजे दोन वर्षं चर्चच्या धर्मप्रचाराला, तैवानला चाललाय, गेले आठ आठवडे प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आहे आणि पुढच्या आठवड्यात फ्लाइट. परवा त्याची ईमेल आली की चायनीज काही केल्या जमत नाहीये, परवा शिकवताना तोंडातून शब्दच फुटला नाही, घरी यावंसं वाटतंय, पण आईला सांगू नका. इकडे आई माझ्या किचनमध्ये बसून रडते आणि म्हणते माझा मुलगा किती खुश आहे बघ. आम्ही त्यांच्या धर्मातले नाही, मला प्रार्थनेबिर्थनेचं काही लिहिता येणार नाही. मी त्याला काय लिहू?
– एक शेजारीण, ओरेम

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्री परत काढून वाचलं. मी स्वतः नऊ वर्षं प्रोव्होला काढली आहेत, आमच्या बेसमेंटमध्ये युनिव्हर्सिटीतली मुलं भाड्याने राहायची आणि त्यातली कितीतरी मिशन करून परत आलेली. एक मुलगा तर त्याच सेंटरमध्ये मँडरिन, म्हणजे सोन्याची ती चायनीजच, शिकवायला जायचा, तिथले बरेचसे शिक्षक असेच असतात, स्वतः त्या देशात राहून आलेले आणि आता कॉलेज करता करता शिकवणारे. त्यामुळे मला जे माहितीये ते बरचसं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, ते तुम्हाला सांगते, म्हणजे सोन्या सध्या कुठल्या हवेत श्वास घेतोय ते तुमच्या लक्षात येईल.

तिथे सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधला जवळजवळ सगळा वेळ वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग. 50 हून जास्त भाषा शिकवतात, स्पॅनिशसारख्या भाषेला साधारण सहा आठवडे आणि मँडरिनसारखीला नऊ, त्यातला काही भाग हल्ली घरूनच ऑनलाइन होतो. आणि आधी भाषा शिका मग बोला असं नसतंच. पहिल्या काही दिवसांतच शिक्षक एखाद्या तैवानी माणसाचं सोंग घेऊन समोर बसतो, आणि या पोरांनी येतील तेवढ्या शब्दांत त्याच्याशी देवाबद्दल बोलायचं. विचार करा हो, अठराव्या वर्षी, मातृभाषेतसुद्धा आपण जे कुणाशी बोललो नसतो ते मोडक्या चायनीजमध्ये बोलायचं, आणि त्या भाषेत एकच 'मा' सूर बदलला की आईचा घोडा होतो! त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही यात मला काहीच नवल वाटत नाही. आमचा भाडेकरू सांगायचा की त्याच्या वर्गात शेवटच्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक जण एकदा तरी असा गप्प झालेला त्याने पाहिलाय, कारण सुरुवातीला कळतच नसतं आपल्याला किती येत नाही, आणि शेवटी शेवटी ते नीट कळायला लागतं आणि तेव्हाच तिकीट हातात पडतं.

त्याला हे जरूर लिहा की नऊ आठवड्यांत कुणालाच चायनीज येत नाही. प्रार्थना करता येते, नाव-गाव सांगता येतं, रस्ता विचारता येतो, बस. तिथे उतरल्यावर सुरुवातीला तर बाजारात काय चाललंय ते ओ की ठो कळत नाही, पण त्याला एकटं सोडत नाहीत, पहिले 12 आठवडे सोबत एक अनुभवी ट्रेनर असतो, बोलायचं तो बोलतो, याने सायकल चालवायची आणि ऐकायचं. आमच्या भाडेकरूचे कान चौथ्या महिन्यात उघडले. एका म्हातारीने भाजी निवडता निवडता तिच्या सुनेची तक्रार केली आणि त्याला ती पूर्ण कळली, हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू.

आता मुख्य गोष्ट. तिथे सगळ्यांना आडनावाने हाक मारतात, मुलांना एल्डर अमुक आणि मुलींना सिस्टर तमुक. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि हा 18 वर्षांचा! काळ्या पाटीवर तेच नाव, तैवानला जाणाऱ्यांच्या छातीवर तर चिनी अक्षरांत, चिनी नावानेच. म्हणजे त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारं आजूबाजूला कुणीच नाही. एक जोडीदार चोवीस तास सोबत, कायम नजरेच्या टप्प्यात, पण तोही एल्डरच म्हणणार. म्हणून पाकिटावर एल्डर आणि आडनाव लिहा, ती रीत आहे, आणि आत पहिलाच शब्द 'सोन्या' लिहा. बाकी काही सुचलं नाही तरी चालेल.

पुढे घरातलं लिहा. त्याच्या दोस्ताने ड्रायव्हिंग टेस्टमध्ये काय घोळ घातला, अंगणातल्या झाडाचं काय झालं, त्याचा तो कप अजून वरच्याच फळीवर आहे, असलं. 'आम्हाला तुझा अभिमान आहे', 'तू खूप मोठं काम करतोयस' हे प्लीज लिहू नका. ते त्याला रोज ऐकवणारे खूप आहेत, आणि ज्याला आतून वाटतंय की आपण कमी पडतोय त्याला अशा वाक्याचं ओझंच होतं. तुम्ही त्यांच्या धर्मातल्या नाही ही अडचण समजू नका, मला वाटतं त्याने तुम्हालाच लिहिलं ते त्याचमुळे. तुमच्याकडून त्याला कसलीच परीक्षा नाहीये.

आणि परत येण्याबद्दल. हे मी जरा जपून लिहितेय पण लिहिते. ये असंही म्हणू नका आणि येऊ नकोस असंही म्हणू नका. त्या भागात मिशन अर्धवट सोडून आलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय, चर्चमध्ये कुणी वाईट बोलत नाही पण विचारतात, सारखं विचारतात, आणि मूल घराबाहेर पडेनासं होतं. एवढंच लिहा की तू दोन वर्षांनी आलास काय आणि दोन आठवड्यांनी आलास काय, आमच्या दाराला कुलूप नाही. माझा अंदाज असा की हे वाचून तो उलट जाईल, पण म्हणून लिहू नका, खरंच तसं वाटत असेल तरच लिहा.

त्याची गोष्ट आईला सांगायची का? माझ्या मते आत्ता नाही, त्याने विश्वासाने सांगितलंय. पण त्याला उलट विचारा, झोप लागते का, जेवण जातं का, आणि सरळ विचारा, मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का. भाषेची भीती आणि घरची आठवण असेल तर ती विमानात बसल्यावर थोडी सैल होते, पण दिवसेंदिवस झोपच नसेल तर ते वेगळं आहे, मग त्याला म्हणा उद्याच सांग कुणाला तरी, तिथे दवाखाना आहे, समुपदेशनाची सोय आहे, आणि ते विचारल्याने कुणी घरी पाठवून देत नाही. आणि जिवाचं काही बोलला तर मात्र शब्द पाळत बसू नका, त्याच क्षणी आईला उठवा.

वेळेचं गणित बघा. ईमेल तो मुख्यतः आठवड्यातून एकदाच बघेल, पी-डेला (प्रिपरेशन डे), म्हणजे कपडे धुणं, केस कापणं, घरी बोलणं या सगळ्याचा तो एक दिवस. त्याचा पी-डे कोणता ते आईला विचारा आणि त्याच्या आदल्या रात्री पाठवा. शिवाय कागदावरही लिहा, ओरेम ते प्रोव्हो म्हणजे हाकेच्या अंतरावर, एक-दोन दिवसांत पोचेल. कागद त्याला सोबत नेता येतो. शेवटच्या दोन दिवसांत तिथे सगळे बॅगा वजनकाट्यावर ठेवून बसलेले असतात, एकेक बॅग 50 पाउंडांच्या आत बसवायची म्हणून पुस्तकं काढायची, बूट काढायचे, आणि आमच्या भाडेकरूने त्यात स्वेटर मागे ठेवला पण आजीची दोन पत्रं मागे ठेवली नाहीत. मग भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर आपल्या देशावर बोट ठेवून सगळे फोटो काढतात, आणि पहाटे अंधारात बस निघते सॉल्ट लेकच्या एअरपोर्टला. तो फोटो त्याच्या आईकडे येईलच, तुम्हीही मागून घ्या. आणि तिच्याशी बोलताना तिला खुश असल्याचं दाखवायला लावू नका. तिने त्याला गेटसमोर गाडीतून उतरवलं, मिठी मारली आणि दोन-चार मिनिटांत गाडी पुढे घेतली, मागे रांग असते. तिला नीट निरोप घ्यायलाच मिळालेला नाही.

हो, आणि खाऊ पाठवणार असाल तर चहा-कॉफीची चव असलेलं काही नको, त्यांना चालत नाही. वेलची चालते.

प्रश्न : माझ्या ऑफिसमधली अमेरिकन मैत्रीण सांगते तिची मुलगी मिशनवर जाणार. मॉर्मन लोकांना याचा पगार किती मिळतो? आणि देश स्वतः निवडता येतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पगार नाही, उलट घरच्यांनी भरायचे. अमेरिकेतल्या मुलांना जुलै 2020 पासून महिन्याला 500 डॉलर, आधी 400 होते. देश कुठलाही असो, रक्कम सारखीच, म्हणजे टोकियोला जाणाऱ्याला जास्त आणि लिमाला जाणाऱ्याला कमी असं नाही. मुली 18 महिने जातात, मुलगे 24, त्यामुळे मैत्रिणीचा हिशोब 9,000 डॉलरच्या आसपास जाईल. बरीच मुलं शाळेत असल्यापासून यासाठी पैसे साठवतात. देश निवडता येत नाही, चर्च कळवेल तो. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये मुलींचं किमान वय 21 वरून 19 वर आणलं तेव्हापासून मुलींची संख्या खूप वाढली, त्यामुळे तिला तिथे सोबत भरपूर मिळेल. आणि 'मॉर्मन' हा शब्द 2018 पासून चर्च स्वतः टाळतं, मैत्रिणीशी बोलताना चर्चचं पूर्ण नाव, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', घेतलंत तर तिला बरं वाटेल.

प्रश्न : आम्ही लंडनला असतो. अशी दोन मुलं पाटी लावून दारात येतात. आम्हाला धर्म बदलायचा नाहीये. दार उघडावं की नाही?
– नाव नको

उत्तर : मनात असेल तर उघडा, सक्ती कसलीच नाही. आम्हाला यात रस नाही हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगा, घुमवून सांगितलं तर ती बिचारी पुढच्या आठवड्यात परत येतील. आणि पाऊस असेल तर पाणी विचारा, कुठून आलात ते विचारा.