नाडी ‘अनियमित’ नव्हे!

सोलापुरातल्या होटगी रोडवरच्या एका वाचकांनी विचारलंय: मनगटावरच्या घड्याळात ‘एचआरव्ही’ (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) दिसतं, त्याला मराठीत ‘हृदयगतीची अनियमितता’ म्हणायचं का?

मुळीच नाही. सिद्धेश्वर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय, की “अनियमितता वाढली हो” म्हणत माणसं तोंड पाडून बसतात. अहो, साधारणपणे विश्रांती मिळालेल्या शरीरात हा चढउतार जास्तच असतो! श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. शिवाय हा आकडा काढण्याआधी खरोखरचे अनियमित ठोके गाळूनच टाकतात. जे वगळलं, त्याचंच नाव कसं ठेवता?

‘हृदयगती परिवर्तनशीलता’ सुचवणाऱ्या विद्वानांनी तर हिंदीतून आयता शब्द उचललाय, तोही चुकीचा. मोजतात ते दोन ठोक्यांमधलं अंतर, गती नव्हे. समजा अंतरं ९८०, १०४०, १०१०, ९७० मिलिसेकंद आली. सरासरी १०००, म्हणजे मिनिटाला ६० ठोके. लगतच्या अंतरांमधले फरक ६०, ३०, ४०. त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं की सुमारे ४५. हा झाला एक प्रकार. दुसऱ्यात सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीपासून किती पांगलीत, ते काढतात.

पण खरी मजा ‘नाडी’त आहे. संस्कृत ‘नड’ म्हणजे बोरू, पोकळ देठ. नळ, नळी, नाळ, नाडी ही सगळी एकाच घरची. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतही नाडीच बघतात. आणि नाडी हे वेळेचंही माप: २४ मिनिटं, दिवसाला ६०. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नालिका’ म्हणजे घड्याच्या चार अंगुळं लांब नळीतून आढकभर (आढक हे जुनं माप) पाणी निघून जायला लागणारा वेळ. तिचंच दुसरं नाव घटिका, त्यातला घट म्हणजे घडा. ‘घड्याळ’ त्याच कुळातलं. म्हणजे घड्याळानं नाडी मोजायची, हे नातं शब्दांनी कधीच जुळवून ठेवलंय!

पायजम्याची नाडीही नेफ्याच्या नळीतून जाते म्हणून नाडी, असं माझं ठाम मत. ‘ती निराळी, निव्वळ दोरीच्या अर्थाची’ म्हणणाऱ्यांनी एकदा सुटलेली नाडी स्वतः ओवून बघावी.

हां, एचआरव्ही. ‘ठोक्यांतली तफावत’ म्हणा.