कूलंट सारखं कमी होतं, गर्दीत गाडी तापते. हेड गॅस्केटच गेलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की डब्यात दर आठवड्याला कूलंट टाकावं लागतं, राजवाड्याच्या गर्दीत काटा वर चढतो, बायपासला लागलं की खाली येतो, आणि मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल. मीही इंदूरचाच, गाड्यांचंच काम करतो. माझं स्पष्ट मत: प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका.

गर्दीत तापते आणि वेगात थंड होते, तर पहिला संशय फॅनवर घ्यावा. गाडी पळत असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो, उभी असताना सगळा भार फॅनवर. बोनेट उघडून एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच फॅन सुरू होतो. नाही झाला तर फ्यूज, रिले, मोटर तपासायला सांगा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघावी. हेच भेरूघाट चढताना झालं असतं तर मी आधी रेडिएटर चोक आहे का, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतो का, ते पाहिलं असतं.

आता गळती. गाडीखाली पाणी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, एसीचं पाणीही तिथेच पडतं. त्याला ना रंग असतो ना वास. कूलंटला रंग असतो, बोटाला चिकट लागतं आणि वास गोडसर येतो. पण बारीक गळती जमिनीपर्यंत येतच नाही, गरम इंजिनावरच सुकते आणि मागे गुलाबी किंवा हिरवट खपली राहते. टॉर्च घेऊन ती शोधा आणि डाग वरून जिथे सुरू होतो तिथे थांबा, कारण थेंब खाली भलतीकडेच पडतो. होजच्या क्लिपा, रेडिएटरचा प्लास्टिकचा भाग ॲल्युमिनियमला जोडलेला असतो ती कड, आणि वॉटर पंपाच्या बुडाशी असलेलं छोटं भोक, या जागा नक्की बघा. पंपाचं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथे खपली दिसली तर पंप बदलायचा, तिथे एमसील लावून काही होत नाही.

प्रेशर टेस्ट इंजिन पूर्ण थंड असताना करायची. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या डब्याच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तेवढाच बार दाब टेस्टरच्या हातपंपाने भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर प्रश्न मिटला. बाहेर कोरडं असेल तर पुढच्या सीटसमोर पाय ठेवतो तिथलं कार्पेट दाबून बघा; ओलं असेल, काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल, तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) फुटलाय. हे सगळं नीट निघालं तरच हेड गॅस्केटचा विचार. त्याचीही स्वतंत्र टेस्ट आहे: निळं द्रव्य भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर द्रव्य पिवळसर होतं. थंड गाडी सुरू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा कडक होणं, ऑइल दुधाळ दिसणं, हीसुद्धा खूण.

झाकण मात्र वेगळं तपासून घ्या, लोक तेच विसरतात. निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, दाबाखाली 120 च्या वर. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही, कूलंट डब्यातून उतू जातं, आणि गळती शोधून सापडत नाही.

एक कळकळीची विनंती. बोअरिंगचं पाणी टाकू नका. आपल्या माळव्यात ते जड असतं, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. तयार कूलंट किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच वापरा. आणि काटा वर असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, तरीही काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करा. तापलेली गाडी तशीच घरापर्यंत दामटली तर चांगलं हेडसुद्धा वाकतं.

टेस्टमध्ये काटा किती उतरला आणि खपली कुठे सापडली ते लिहा, पुढचं सांगतो.